पुणे ते नागपूर: उड्डाण तासाभराचं, मग तिकिटावर दीड तास का? अंतर आणि वेळेचं गणित समजून घ्या

दिवाळी जवळ आली, कॉलेजला सुट्ट्या लागल्या किंवा गावाकडे लग्न निघालं, की पुण्यात शिकणारी आणि नोकरी करणारी विदर्भातली मंडळी मोबाइलवर एकच सर्च मारतात, "पुणे ते नागपूर विमानाने किती वेळ लागतो?"

उत्तरं मात्र पाच प्रकारची येतात. एक वेबसाइट अंतर ६०५ किलोमीटर सांगते, दुसरी ६२० सांगते. कुठे वेळ ४५ मिनिटं दिसतो, कुठे एक तास, आणि तिकीट काढायला गेलं की तिथे सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. मग खरं काय?

तर यातलं जवळपास प्रत्येक उत्तर बरोबर आहे. फक्त प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे. कोणता आकडा कशाचा हे एकदा कळलं, तर विमान घ्यायचं की ट्रेन हे ठरवणं सोपं जातं. आणि विमान रद्द झालं किंवा रखडलं, तर आपल्याला काय मिळू शकतं हेही कळतं, कारण तेही यातल्याच एका आकड्यावर ठरतं.

आधी आकडे एका नजरेत

विमानतळ ते विमानतळ हवाई अंतर: साधारण ६०५ किलोमीटर, म्हणजे ३२७ नॉटिकल मैल.
शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत हवाई अंतर: साधारण ६२० किलोमीटर.
रेल्वेने: ८८१ किलोमीटर.
रस्त्याने: मार्गाप्रमाणे ७०० ते ७२५ किलोमीटर.
जेट विमान प्रत्यक्ष हवेत: साधारण एक तास.
तिकिटावरचा वेळ: साधारण सव्वा ते दीड तास.
घरापासून घरापर्यंत: साडेपाच ते सहा तास.

आता एकेक आकडा उलगडून पाहू.

६०५ की ६२०? अंतर मोजतात कसं?

पृथ्वी गोल आहे. त्यामुळे दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर मोजताना नकाशावर पट्टी ठेवून चालत नाही. पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी रेषा धरावी लागते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतले की हे अंतर गणिताने काढता येतं.

पुण्याचं विमानतळ लोहगावला आहे, म्हणजे शहराच्या ईशान्येला. नागपूरही पुण्याच्या ईशान्येलाच येतं. म्हणजे पुणेकर विमानतळावर पोहोचतो, तेव्हाच तो नागपूरच्या दिशेने थोडा सरकलेला असतो. दुसरीकडे नागपूरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगावला, शहराच्या नैर्ऋत्येला, म्हणजे पुण्याच्या बाजूला आहे. त्यामुळे दोन शहरांमधलं अंतर ६२० किलोमीटर असलं, तरी दोन विमानतळांमधलं अंतर १५ किलोमीटरने कमी भरतं. दोन वेबसाइटवर दोन आकडे दिसतात ते यामुळे.

वैमानिक आणि एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, किलोमीटरमध्ये बोलत नाहीत. त्यांचं माप नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या हिशोबाने हे अंतर ३२७ नॉटिकल मैल होतं.

विमान या ६०५ किलोमीटरच्या रेषेवरून तंतोतंत उडत नाही. ठरलेले हवाई मार्ग, विमानतळाबाहेर पडायच्या आणि आत यायच्या ठरलेल्या वाटा आणि वाटेतले ढग यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त अंतर कापलं जातं.

४४ मिनिटांचं गणित कुठे चुकतं?

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारखं जेट विमान उंचीवर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जातं. ६०५ भागिले ८३० केलं की उत्तर येतं ४४ मिनिटं. बऱ्याच वेबसाइट नेमकं हेच करतात.

पण हा भागाकार असं धरून चालतो, की विमान लोहगावच्या धावपट्टीवरून थेट ८३० च्या वेगाने सुटलं आणि त्याच वेगाने सोनेगावला उतरलं. प्रत्यक्षात प्रवासाचे तीन भाग पडतात.

पहिला भाग वर चढण्याचा. ३३ हजार फुटांच्या आसपास पोहोचायला साधारण २० मिनिटं लागतात आणि तेवढ्यात २०० किलोमीटरच्या वर अंतर कापून होतं. १० हजार फुटांच्या खाली तर विमानाला साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते.

तिसरा भाग उतरण्याचा. इथे वैमानिकांचा एक ढोबळ ठोकताळा आहे, दर एक हजार फूट खाली यायला तीन नॉटिकल मैल. ३३ हजार फुटांवरून उतरायचं तर ९९ नॉटिकल मैल, आणि वेग कमी करायला थोडं आणखी. म्हणजे उतरण्याची सुरुवात मुक्कामाच्या साधारण २०० किलोमीटर आधीच होते.

२०० किलोमीटर चढण्यात गेले, २०० उतरण्यात गेले. मधे सपाट, पूर्ण वेगाने जाण्यासाठी उरले फक्त २०० किलोमीटर, तेही जेमतेम. ते १३-१४ मिनिटांत संपतात. सीट बेल्टचा दिवा विझला, पाण्याची बाटली हातात आली, की थोड्याच वेळात "आपण आता खाली उतरायला सुरुवात करत आहोत" अशी घोषणा का होते, याचं कारण हे आहे.

तीनही भाग मिळून विमान हवेत साधारण एक तास असतं. एटीआर ७२ सारखं पंख्याचं छोटं विमान असेल तर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे तेवढ्याच अंतराला आणखी वेळ लागतो. म्हणून तिकीट काढताना विमान कोणतं आहे हेही बघावं.

मग दीड तास कुठून आला?

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो त्याला विमान कंपन्या 'ब्लॉक टाइम' म्हणतात. तो टेकऑफपासून लँडिंगपर्यंतचा वेळ नाही. विमान पार्किंगच्या जागेवरून हललं तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर पार्किंगच्या जागी थांबेपर्यंतचा तो वेळ आहे. पार्क केलेल्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावतात, त्या ठोकळ्यांवरून हे नाव आलं. ठोकळे निघाले की घड्याळ सुरू, पुन्हा लागले की बंद.

त्यामुळे विमान मागे ढकलणं, इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे नंबर लागेपर्यंत थांबणं आणि उतरल्यावर पुन्हा पार्किंगपर्यंत येणं हे सगळं तिकिटाच्या वेळात धरलेलं असतं. यात सहज १५ ते २० मिनिटं जातात.

पुण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. लोहगाव हे मुळात हवाई दलाचं तळ आहे आणि तिथे लढाऊ विमानं तैनात आहेत. धावपट्टी एकच आहे, साधारण अडीच किलोमीटर लांबीची. त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानंही उडतात. १४ जुलै २०२४ पासून नवीन टर्मिनल सुरू झालं, त्यामुळे आत गर्दी विभागली गेली, पण धावपट्टी तीच राहिली. हवाई दलाचा सराव सुरू असेल तर प्रवासी विमानाला थांबावं लागतं. याच धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस पुण्याहून विमान वाहतूक पूर्ण बंद ठेवावी लागली होती.

वाऱ्याचाही यात हात असतो. लोहगावची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. विमान नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडतं आणि उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे नागपूरला निघालेलं विमान आधी पश्चिमेकडे झेपावतं आणि मग वळसा घालून उलट फिरतं. त्याच दिवसांत नागपूरहून येणाऱ्या विमानाला मात्र पूर्वेकडून सरळ उतरता येतं.

उंचावरचे वारे ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात मध्य भारतावर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. तेव्हा पुण्याहून नागपूरला जाताना पाठीमागून ढकलणारा वारा मिळतो आणि परत येताना समोरून विरोध होतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचीवर पूर्वेकडून वारे वाहतात आणि चित्र बदलतं. एवढ्या छोट्या मार्गावर हा फरक तीन-चार मिनिटांचाच असतो. पण जातानाचा आणि येतानाचा वेळ सारखा का नसतो, याचं एक उत्तर त्यात आहे.

वर थोडी मिनिटं राखीव

या सगळ्यावर कंपन्या थोडी मिनिटं जास्तीची धरतात. जगभरात ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असलेलं विमान 'वेळेवर' मानलं जातं. वेळापत्रकात राखीव मिनिटं ठेवली, की थोडा उशीर होऊनही विमान वेळेवरच दिसतं. "आम्ही दहा मिनिटं आधी पोहोचलो" हे प्रवाशांना आवडतं, ते त्या राखीव मिनिटांमुळे शक्य होतं.

यात फक्त चलाखी आहे असंही नाही. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळच्या फेरीत २० मिनिटं गेली आणि वेळापत्रकात मोकळी जागाच नसेल, तर रात्रीपर्यंत तो उशीर वाढत जातो. म्हणून रात्रीच्या फ्लाइटपेक्षा पहाटेची फ्लाइट वेळेवर निघण्याची शक्यता जास्त असते.

नागपूरला या वेळेच्या शिस्तीचा जुना इतिहास आहे. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचं केंद्र नागपूर होतं. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईहून टपाल घेऊन निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, पत्रांची पोती एकमेकांना द्यायची आणि आपापल्या शहरांकडे परतायची. एक विमान लेट झालं की बाकीच्यांचा खोळंबा. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा नागपूरला तेव्हापासून मिळतो आहे.

तिकिटावरच्या वेळेवर भरपाई ठरते

आता मुद्द्याची गोष्ट. तिकिटावरचा ब्लॉक टाइम फक्त माहितीसाठी नसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत प्रवाशाचे हक्क याच आकड्याला बांधलेले आहेत.

विमान रद्द झालं आणि कंपनीने नियमाप्रमाणे आधी कळवलं नाही, तर तिकिटाच्या परताव्याव्यतिरिक्त किंवा पर्यायी विमानाव्यतिरिक्त भरपाई द्यावी लागते. ती अशी:

ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये.
एक ते दोन तास असेल तर ७,५०० रुपये.
दोन तासांपेक्षा जास्त असेल तर १०,००० रुपये.

हे आकडे कमाल आहेत. तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यापेक्षा कमी असेल, तर ती कमी रक्कम मिळते. पुणे-नागपूरचा ब्लॉक टाइम सव्वा ते दीड तास असल्यामुळे हा मार्ग मधल्या गटात येतो. हवेतला वेळ एक तासच आहे म्हणून खालचा गट लागू होत नाही. खराब हवामान, एटीसीची अडचण, सुरक्षेचं कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टी असतील तर मात्र ही भरपाई मिळत नाही.

उशीर झाल्यावर खाणंपिणं कधी द्यायचं हेही ब्लॉक टाइमवरच ठरतं. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, की विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना खाद्यपदार्थ आणि पेय देणं कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणजे पुणे-नागपूरच्या प्रवाशाने दोन तास उलटले की काउंटरवर जाऊन मागायला हरकत नाही. कंपनीने दाद दिली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअर सेवा' पोर्टलवर तक्रार करता येते.

भाडंसुद्धा याच आकड्यांवर

सरकारने जेव्हा जेव्हा भाड्यावर मर्यादा घातली, तेव्हा कधी वेळ मोजला, कधी अंतर.

लॉकडाऊननंतर २५ मे २०२० ला देशांतर्गत विमानं पुन्हा सुरू झाली, तेव्हा उड्डाणाच्या वेळेप्रमाणे सात गट केले होते. ४० मिनिटांपेक्षा कमी वेळेला २,००० ते ६,००० रुपये, ४० ते ६० मिनिटांना २,५०० ते ७,५००, ६० ते ९० मिनिटांना ३,००० ते ९,००० असे. ही मर्यादा ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत चालली.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आणि बाकी तिकिटांचे दर भडकले. तेव्हा सरकारने तात्पुरती मर्यादा घातली, ती अंतरावर: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० पर्यंत १२,०००, १,००० ते १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, कर आणि विमानतळाचं शुल्क वेगळं. ६०५ किलोमीटर म्हणजे दुसरा गट. किलोमीटरचा आकडा थेट खिशाला कसा लागतो ते इथे दिसतं.

घरापासून घरापर्यंत खरा वेळ किती?

समजा, तुम्ही हिंजवडीत राहता आणि नागपुरात घर सीताबर्डीजवळ आहे. लोहगावपर्यंतच जायला ट्रॅफिकमध्ये एक ते दीड तास धरावा लागतो. बहुतेक कंपन्यांचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोहोचणं सुरक्षित. त्यात ब्लॉक टाइम सव्वा ते दीड तास. सामान मिळेपर्यंत २०-३० मिनिटं. सोनेगावहून सीताबर्डी आठेक किलोमीटर, म्हणजे आणखी अर्धा तास. बेरीज साडेपाच ते सहा तास.

६०५ किलोमीटरला साडेपाच तास म्हणजे सरासरी वेग ताशी ११० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर कारची कमाल वेगमर्यादा १२० आहे. ८३० च्या वेगाने उडणारं विमान घर ते घर हिशोबात एवढ्यावर येतं.

तरीही विमान पुढेच राहतं. अजनी-पुणे वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली. ती आठवड्यातून सहा दिवस धावते आणि ८८१ किलोमीटरला साधारण १२ तास घेते. अंतर एवढं जास्त का, तर ट्रेन वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड, अहिल्यानगर, दौंड असा मोठा वळसा घेते. रस्त्याने समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, पण तो मुंबई-नागपूर आहे. पुणेकराला आधी अहिल्यानगरवरून छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं आणि मग समृद्धीवर चढावं लागतं. स्वतःच्या कारने दहा-बारा तास धरून चालावं.

पण मुक्काम नागपूर नसेल तर गणित बदलतं. अकोला किंवा शेगावला जाणाऱ्याने नागपूरपर्यंत उडून पुन्हा अडीचशे-तीनशे किलोमीटर मागे यायचं, तर विमानाचा फायदा तिथेच संपतो. त्यांना वंदे भारत दारात सोडते. अमरावतीकरांसाठी हे काठावरचं आहे: नागपूरहून मागे दीडशे किलोमीटर की बडनेऱ्याला थेट उतरायचं? चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या लोकांसाठी मात्र विमान स्पष्टपणे वेळ वाचवतं.

वेळ वाचवायचा असेल तर हवेत काहीच करता येत नाही, जमिनीवर करता येतं. वेब चेक-इन करून फक्त हातातली बॅग नेली, तर पट्ट्यावर सामानाची वाट बघावी लागत नाही. पुण्यात मेट्रोने रामवाडीला उतरून पुढे रिक्षा किंवा बस घेता येते. नागपुरात वर्धा रोडवर एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन आहे, तिथून सीताबर्डी थेट गाठता येते.

थोडक्यात काय, तर पुणे-नागपूर अंतर ६०५ किलोमीटर, हवेत एक तास, तिकिटावर सव्वा ते दीड तास आणि प्रत्यक्ष दिवसातले साडेपाच ते सहा तास. स्टेशनवर किंवा विमानतळावर घ्यायला येणाऱ्या माणसाला तिकिटावरची पोहोचण्याची वेळ सांगा. सुट्टीचं नियोजन घर ते घर वेळेवर करा. आणि विमान रद्द झालं, तर काउंटरवर बोलताना ब्लॉक टाइम लक्षात ठेवा.